उसना अंगठा

अंबुबाई येमूल यांनी धाकट्या लेकीचं, कविताचं, लग्न लावून दिलं ते साल दोन हजार त्रेचाळीस. वैशाखाचं ऊन असं की मांडवाच्या केळींनी दुपारच्या आत माना टाकल्या होत्या. पंगत बसली, आमटीचा वास सुटला आणि वाढायला उभी असलेली घरची सून मौनिका पदर तोंडाला लावून मागच्या दारी पळाली.

बायकांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. पंगतीतल्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. अंबुबाई मात्र हसल्या नाहीत. हातातली पळी तशीच धरून त्या मागच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "यंदा कुणाला बोलायचं नाही. कळलं?"

"मी कुठं बोलले, अत्तम्मा?" मौनिका तोंड धूत म्हणाली. सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत, निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची. तिथं सासूला अत्तम्मा म्हणतात आणि थोरल्या नणंदेला वदिना.

न बोलण्याला कारण होतं. मागच्याच वर्षी मौनिकाचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. तपासणीला गेली तर पडद्यावर सगळं शांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके थांबलेत. थांबून पंधरा दिवस तरी झाले असावेत." पंधरा दिवस! त्या दिवसांत मौनिका पोटावर हात ठेवून झोपत होती, चिंच मागून खात होती, नवऱ्याशी नावावरून भांडत होती. आत कुणी नव्हतं आणि शरीरानं तिला पत्ता लागू दिला नव्हता. पुढं काय करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आपोआप होईल तेव्हा होऊ दे. आपोआप झालं, पण पुरतं झालं नाही. रक्त थांबेना. शेवटी भूल देऊन पिशवी साफ करावी लागली. तेव्हापासून तिचा स्वतःच्या पोटावरचा विश्वास उडाला होता. आणि ज्याचा स्वतःच्या पोटावर विश्वास नाही तो दुसऱ्याच्या शब्दावर कुठून ठेवणार?

म्हणून यंदा पट्टी लावायची असं व्यंकटेशनं, तिच्या नवऱ्यानं, ठरवलं. लग्नाचा मांडव उतरला त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या निर्मलाताई पट्टी घेऊन आल्या.

पट्टी म्हणजे दंडावर चिकटवायचा तळहाताएवढा मऊ तुकडा. त्याच्या पोटात केसाहून बारीक सुया. त्या रक्तापर्यंत जात नाहीत. कातडीखाली पेशींच्या मधे जो पाण्यासारखा रस असतो तेवढाच चाखतात. रक्तातलं बरंचसं त्या रसात झिरपतं. गर्भ रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी एक संप्रेरक सोडायला लागतात. पहिल्या आठवड्यांत ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं. पट्टी ते रोज मोजते आणि आकडा दूर कुठल्या तरी मोठ्या यंत्राकडे पाठवते. त्या यंत्राच्या पोटात लाखो बायकांचे आकडे आहेत. कुणाचा आकडा कसा चढला आणि पुढं काय झालं, हे त्याला पाठ. त्यामुळं नवीन बाईचा आकडा रेंगाळायला लागला की ते आधीच सांगतं, हा गर्भ टिकेल असं दिसत नाही. का टिकणार नाही, ते मात्र त्याला कळत नाही.

पट्टी चालू व्हायला तिच्यावर अंगठा दाबावा लागतो. मौनिकानं दाबला. लाल दिवा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लाल.

"काय की बाई, तुमचे अंगठे," निर्मलाताई म्हणाल्या.

विडी ओढणारे आता थोडे राहिले होते, पण वळणाऱ्या उरल्याच होत्या. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून अंगठ्यानं गुंडाळायचं आणि टोक नखानं मुडपायचं. वर्षानुवर्षं हे केलं की अंगठ्याच्या रेषा पुसून जातात. कुठल्याच यंत्राला तो अंगठा ओळखू येत नाही. बिनरेषांच्या बायकांसाठी वेगळी सोय होती म्हणे, पण तिच्यासाठी मोठ्या कचेरीत खेटे घालावे लागत. त्यापेक्षा घरकुलात दुसरी रीत पडली होती. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणावं तसा अंगठा उसना आणायचा.

येमूलांच्या घरी शाबूत अंगठा एकच. थोरली लेक पद्मजा हिचा. तिचा नवरा भिवंडीला यंत्रमागावर गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला. ती माहेरी परत आली आणि शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात जायला लागली. शिवणाऱ्या बाईच्या रेषा टिकतात. त्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना हीच पट्टी सक्तीची होती. रक्त कमी असलं की बाई मशीनवर चक्कर येऊन पडते, ते त्यांना नको होतं.

"पद्मे, ये इकडं," अंबुबाईंनी हाक मारली. "तुझा अंगठा एकदा दारावर टांगून ठेवते बघ, सगळ्या गल्लीची सोय होईल."

सगळे हसले. पद्मजा हसली नाही. "आत्ता नको. हात तेलकट आहेत."

"मग पूस की. पोरगी कधीची बसलीय."

पद्मजानं पदराला हात पुसला, जरा जास्तच वेळ पुसला, आणि अंगठा दाबला. हिरवा दिवा लागला. निर्मलाताईंनी मौनिकाचा फोन नंबर घातला आणि चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या मार्कंडेय ऋषींच्या तसबिरीकडे बघत बसल्या. जणू त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

निरोप आला तो एका शुक्रवारी. मौनिका सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती. फोन वाजला. निरोप गोड आवाजात होता, त्याचाच तिला आधी राग आला. गर्भाची वाढ अपेक्षेप्रमाणे नाही, गर्भ टिकण्याची शक्यता फार कमी आहे, डॉक्टरांना भेटावं.

तिनं कात्री खाली ठेवली नाही. उरलेली पानं कापून संपवली. मग आत जाऊन व्यंकटेशला म्हणाली, "बोलली तुमची पट्टी."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "पिशवीत गर्भाचं घर दिसतंय. ठोके अजून दिसत नाहीत, पण इतक्या लवकर पुष्कळदा दिसतही नाहीत. यावरून मी हो किंवा नाही सांगू शकत नाही. पट्टी मात्र नाही म्हणतेय."

"रक्त काढून बघा की," मौनिका म्हणाली.

"पट्टी रोज तेच बघते, बाई. मी एकदा काढून नवीन काय कळणार?" त्या चुकून बोलून गेल्या नव्हत्या. त्या काळी सगळेच डॉक्टर असं म्हणत. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तीन वाटा आहेत. थांबायचं, निसर्ग काय करतो ते बघायचं. त्यात मागच्यासारखा रक्तस्राव होऊ शकतो. दुसरी, गोळ्या. घरी घ्यायच्या, दुखतं, पण बहुतेक वेळा सगळं निघून जातं. तिसरी, भूल देऊन साफ करणं, मागच्या वेळी केलं तसं. चुकीची वाट कुठलीच नाही. माझं म्हणाल तर आठ-दहा दिवस काही करू नका, पुन्हा बघू. पण मागचं सगळं मला माहीत आहे. मधेच जोरात चालू झालं आणि तुम्हाला लवकर मोकळं व्हायचं असलं तर गोळ्या जवळ असू देत. मला फोन केल्याशिवाय एकही घ्यायची नाही."

रिक्षात व्यंकटेश म्हणाला, "मौनी, घेऊन टाक. मागच्या वेळी थांबलीस आणि काय झालं? बादलीभर रक्त मी धुतलंय."

"आणि आत जीव असला तर?"

"लाखो बायकांचा हिशेब आहे त्या यंत्राकडं."

"त्या लाखांत मी होते का?"

तो रिक्षावाल्याला वाट सांगायला लागला. मौनिकाला वाटलं, फार पटकन विषय बदलला.

संशयाला खायला फार लागत नाही, घरातलं उष्टंखरकटं पुरतं. अंबुबाई देवापुढं जास्त वेळ बसू लागल्या, तर मौनिकाला वाटलं, ह्यांना काही तरी माहीत आहे. व्यंकटेश बाहेर जाऊन फोनवर बोलला, तर तिला वाटलं, निर्मलाताईंशीच बोलतोय. पट्टीच खोटी असेल. गोळ्या खपवण्यासाठीच ती असं बोलत असेल. तिनं पट्टी काढून कचऱ्यात टाकली, मग पुन्हा उचलून लावली. आणि सगळ्यांत जास्त तिचा डोळा पद्मजावर गेला.

कारण पद्मजा विचित्र वागत होती. निरोपाचं कळलं तशी ती भिंतीला टेकून खालीच बसली होती. स्वतःचं कुणी गेल्यासारखा चेहरा. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लवकर आली आणि मौनिकाशेजारी बसून, कधी नव्हे ते, पानं पुसायला लागली.

"मौनिका, तुला एका बाजूलाच दुखतं का गं?"

"मला कुठं दुखतंय?"

"नाही, असंच. आणि त्या गोळ्या... घेतल्या की किती दुखतं?"

"मी कुठं घेतल्यात?"

"डॉक्टरीणबाई काही बोलल्या असतील की. एका दिवसात होतं का? कामाला जाता येतं?"

मौनिकानं सुपावरून मान वर केली. "वदिना, तुम्हाला एवढी कशाची घाई? माझं मोकळं व्हायची?"

पद्मजाच्या हातातलं पान फाटलं. "माझ्या मनात तसं काही नाही गं. पण यंत्र सांगतंय तर कशाला ओढत बसतेस? घे आणि सुट."

आता मौनिकाला पुरावा मिळाला. जिचा संसार मोडला तिला भावाच्या घरात पाळणा बघवत नाही, एवढंच ना? असलं बोलणं तिनं गल्लीत दुसऱ्यांच्या नणंदांबद्दल ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. आता ते आपल्याच घरात येऊन बसलंय, असं तिला वाटलं.

गोळ्यांचं पाकीट तिनं ज्वारीच्या डब्यामागं ठेवलं होतं. सोमवारी सकाळी भाकरीला पीठ घ्यायला गेली, तर पाकीट जागेवर नव्हतं. तिनं सगळे डबे काढले, फळी पुसली, डबे परत लावले. गोळ्या कुणी नेल्या हे तिला विचारावंच लागलं नाही. कशासाठी नेल्या तेही. आमटीत पडतील, चहात पडतील. गोळी विरघळायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातचंच खाऊ लागली. माठातलं पाणीसुद्धा सोडलं, नळाचं तोंडात धरलं. व्यंकटेशला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग ओरडला.

"वेड लागलंय तुला! माझी बहीण विष घालेल?"

"मग पाकीट कुठं आहे? विचारा तिला."

"काय विचारू? तू माझ्या बायकोच्या पोटावर उठलीस का, असं विचारू?"

त्यानं विचारलं नाही. अंबुबाईंना कानावर आलं, तर त्यांनी हात जोडले. "देवा मार्कंडेया, माझं घर फोडू नको." त्यांनीही विचारलं नाही. तिघांनाही वाटलं, विचारलं तर उत्तर येईल. आणि उत्तर आलं तर एका घरात राहायचं कसं?

दोन दिवसांनी पद्मजा गुळाचा चहा घेऊन आली. तिचा चेहरा पांढुरका झाला होता आणि ती दाराला धरून उभी होती.

"घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

मौनिकानं कप घेतला, मोरीपाशी गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत ओतून दिला. कप विसळून पालथा घातला.

पद्मजा बघत राहिली. "तुला काय वाटतंय मौनिका, माझ्याबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नाही गं," ती म्हणाली, "तुला माहीत नाही." आणि पोटाला हात लावत, भिंतीच्या आधारानं आपल्या खोलीत गेली. मौनिकाला वाटलं, नाटकं.

तिनं वाट ठरवली होती. थांबायचं. शहाणपणानं नव्हे, कुणावरच भरवसा उरला नव्हता म्हणून. यंत्र म्हणतं तसं होणार असेल तर होऊ दे, पण माझ्या हातून नाही, आणि कुणाच्या घाईनं तर नाहीच. रोज सकाळी ती भीतभीत कपडे तपासायची. रक्ताचा डाग नव्हता. पट्टीचे निरोप मात्र येतच होते, प्रत्येक निरोप आधीच्याहून काळजीचा. शेवटचा म्हणाला, तातडीनं रुग्णालयात जा. मौनिकाला मळमळत होतं, झोप येत होती, फोडणीचा वास सहन होत नव्हता. शरीर एक सांगत होतं, दंड दुसरं.

ठरलेल्या मंगळवारी व्यंकटेश तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि मग हात थांबवला. पडदा तिच्याकडं वळवला. राखाडी डागाच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता.

"ठोके," त्या म्हणाल्या. "चांगले ठोके."

व्यंकटेश खुर्चीत बसला आणि रडायला लागला. मौनिकाला रडू आलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे पट्टी खोटं बोलत होती."

"थांबा." डॉक्टरीणबाईंनी आकडे उघडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "एवढी वाढ असलेल्या गर्भाचा हा आकडा असूच शकत नाही. हा निम्म्याहून निम्मा आहे. आणि इथं दोन पट्ट्या दिसतायत. तुम्ही दोन लावल्यात?"

"नाही, एकच."

"पुष्कळ बायका जुनी न काढता नवी लावतात. तेव्हा यंत्र दोन्हींतला जास्त काळजीचा आकडा धरतं. दुखणं नजरेतून सुटू नये म्हणून तसा नियमच आहे." त्यांनी मौनिकाकडं पाहिलं. "पट्टी उघडताना अंगठा कुणाचा लावला?"

मौनिका हसलीच. "आमचे अंगठे कुठं उठतात, डॉक्टर? वदिनाचा लावला. माझ्या नणंदेचा."

"त्यांना स्वतःची पट्टी आहे?"

"आहे की. कारखान्याची."

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "यंत्राला नावं कळत नाहीत, अंगठा कळतो. एका अंगठ्याची एक बाई. आणि निरोप जातो तो शेवटी घातलेल्या नंबरावर. हे सगळे निरोप तुमचे नव्हते. त्यांचे होते."

मौनिकाला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. एका बाजूलाच दुखतं का. किती दुखतं. कामाला जाता येतं का. डब्यामागची रिकामी जागा.

"डॉक्टर," ती म्हणाली, "गोळ्या तिनं घेतल्यात."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याच फोनवरून घरी फोन लावला. अंबुबाई बोलल्या. "पद्मा? निजलीय. आठवडाभर अंगावरून जातंय, दोन दिवस कारखान्याला गेली नाही. महिन्याचं असेल, बाई. गरम पाण्याची पिशवी दिलीय मी."

"खांदा दुखतो म्हणतात का?"

"अय्यो, तुम्हाला कसं कळलं? खांदाच धरून बसली होती मघा. आता हाक मारली तर ओ देत नाही नीट."

गाडी पाठवली गेली. ती येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी दोघांना समजावलं. गर्भ पिशवीत न रुजता वाटेतल्या नळीत रुजला तरी संप्रेरक सुटतं, पण रेंगाळत सुटतं. यंत्राला एवढंच दिसलं, आणि ते त्यानं बरोबर ओळखलं. असल्या गर्भावर त्या गोळ्या चालत नाहीत. रक्त जातं, दुखतं, बाईला वाटतं काम झालं. गर्भ मात्र नळीतच वाढतो आणि नळी फुटते. रक्त बाहेर येत नाही, पोटात साठतं. पोटातलं रक्त वर सरकलं की खांदा दुखतो. वेळेत कळलं तर इंजेक्शननं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं भागतं.

"पण ती कुणाला सांगणार होती?" व्यंकटेश म्हणाला.

पद्मजाला स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा ती शुद्धीवर होती. ओठ कागदासारखे. मौनिका तिच्या बरोबरीनं धावत होती.

"वदिना, का नाही बोललात मला?"

"काय बोलू? नवरा भिवंडीत नि मी..." तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "माझ्या फोनला निरोप येईनात. मला वाटलं, बरं झालं, यंत्रालाही कळलं नाही. मग तुझा निरोप आला. मनात आलं होतं गं माझ्या, की हा माझा तर नव्हे? पण ते बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं."

"म्हणून मला गोळ्या घ्यायला सांगितलंत?"

"तू घेतल्यास तर तुझ्या नावानं अजून एक पाकीट मागता येईल, असं वाटलं. मग तू घेईनास. तुला नकोच होत्या ना? मग मी नेल्या." तिनं मौनिकाचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "तुझं ठोकतंय का?"

"ठोकतंय."

"मी चुकीचं सांगितलं बघ तुला. ऐकलं नाहीस ते बरं केलंस."

"चहात काही नव्हतं ना, वदिना?" मौनिकाला ते विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

पद्मजानं तिचं मनगट सोडलं. "गूळ होता," ती म्हणाली.

दारं बंद झाली. आत रक्ताच्या बाटल्या गेल्या, माणसं पळाली. अंबुबाई रिक्षातून आल्या आणि बाकावर बसून एकच वाक्य परत परत म्हणत राहिल्या, मी शेकायला दिलं, मी शेकायला दिलं. व्यंकटेश भिंतीकडं तोंड करून उभा होता. मौनिकानं दंडावरची पट्टी ओरबाडून काढली. कातडीवर लाल चौकोन उमटला. तिच्या पोटातला जीव त्या वेळीही ठोकत होता आणि त्याबद्दल तिला कुणाकडं बघून आनंद मानावा ते कळत नव्हतं.

पद्मजा येमूल, वय बत्तीस, त्याच दिवशी, म्हणजे सोळा जून दोन हजार त्रेचाळीस, मंगळवारी, दुपारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर वारली.